उबेचा बंदोबस्त

समुद्रावरील नौकेत हिवाळ्यासाठी उष्णतेची तजवीज करावी लागते, हे विधान कोकणच्या किनाऱ्यावर लहानाच्या मोठ्या झालेल्या वाचकास काहीसे विनोदाचे वाटेल. कारण मुंबईच्या बंदरात ऐन जानेवारीतही पाण्याचे तापमान 25 अंशांच्या आसपास असते, आणि आमच्या नाखव्याला जन्मभर जी विवंचना पडते ती उन्हाची, वाऱ्याची आणि पर्जन्याची. परंतु अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, सिएटल शहराच्या दक्षिणेपासून कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटाच्या आडोशाने थेट अलास्कापर्यंत, बेटे, खाड्या आणि सामुद्रधुन्या यांचा जो विस्तीर्ण जलप्रदेश पसरला आहे, तेथे निसर्गाचा अंमल निराळ्या कायद्याने चालतो. 1792 साली इंग्रज नौदलाचा कप्तान जॉर्ज व्हँकूव्हर या मुलखाची पाहणी करीत आला आणि त्याने आपल्या हाताखालील पीटर प्युजेट या अधिकाऱ्याचे नाव ज्या जलाशयास दिले, त्या प्युजेट साउंडमध्ये पृष्ठभागावरील पाण्याचे तापमान हिवाळ्यात सात-आठ अंशांवर येते. आणि अरुंद मुखांतून वेगाने आत-बाहेर करणारी भरती-ओहोटी तळचे थंड पाणी सतत वर घुसळीत असल्यामुळे भर उन्हाळ्यातही मुख्य पात्रातील पाणी तेरा-चौदा अंशांच्या फारसे वर चढत नाही. हिमवर्षाव क्वचित, पण झिमझिम पाऊस, धुके आणि सर्द हवा मात्र ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत मुक्कामाला. असे असूनही तेथील हौशी नौकावासी वर्षातील सात महिने आपली नाव धक्क्याला बांधून ठेवण्यास राजी नसतो. आणि या त्याच्या हट्टातूनच, ज्या कारागिरीचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे ती उभी राहिली आहे.

ज्या नौकेविषयी आपण बोलणार आहोत ती साधारणतः नऊ मीटर लांबीची, फायबरग्लासची, डिझेल इंजिनावर चालणारी यांत्रिक विहारनौका होय. तिच्या केबिनीला चहूबाजूंनी काचा, पुढे नाळेकडे दोघांच्या निजण्याची जागा, मध्ये बैठक आणि स्वयंपाकाचा कोपरा, शेजारी कपाटाएवढे शौचालय, असा तिचा संसार. ती चालत असते तोवर थंडीची तक्रार फारशी नसते. मोटारगाडीत ज्याप्रमाणे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची उष्णता आत खेळवितात तीच योजना येथेही करता येते. खरी अडचण संध्याकाळी सुरू होते. एखाद्या निवांत खाडीत नांगर टाकून इंजिन बंद केले की उष्णतेचा तो उगम आटतो, सूर्य डोंगराआड जातो, आणि सात-आठ अंशांच्या पाण्यात बुडालेले ते पातळ कवच केबिनीतील ऊब झपाट्याने शोषून घेऊ लागते. सबब नौकेला असे साधन हवे की जे इंजिनाच्या आणि किनाऱ्यावरील विजेच्या मदतीवाचून रात्रभर चालेल.

पण या मुलखातील जाणत्या मंडळींना विचारले तर ती थंडीपेक्षा ओलाव्याविषयीच अधिक बोलतील, आणि त्यात मोठे तथ्य आहे. झोपलेला माणूस श्वासावाटे व त्वचेवाटे तासाला सुमारे 40 ग्रॅम बाष्प हवेत सोडतो. म्हणजे चार माणसे आठ तास निजली तर सकाळपर्यंत सव्वा लिटरहून अधिक पाणी त्या लहानशा जागेत जमा होते. त्यात रात्रीचा स्वयंपाक, ओले रेनकोट आणि कुत्रे असल्यास त्याची अंगावरची लव यांची भर पडते. आता 20 अंशांवरील एक घनमीटर हवा सुमारे 17 ग्रॅम बाष्प धरून ठेवू शकते, परंतु 8 अंशांवर तिची ही क्षमता जेमतेम निम्मी उरते. तेव्हा माणसांच्या श्वासाने भारलेली उबदार हवा काचेला किंवा गादीमागील उघड्या फायबरग्लासला स्पर्श करताच, थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटावा तशी, तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन ओघळू लागते. गादी खालून ओली होते, कपाटातील कपड्यांना कुबट वास येतो, लाकडावर बुरशी धरते, विजेच्या जोडांवर हिरवा गंज चढतो. यावर उपाय एकच, आणि तो प्रथमदर्शनी विपरीत वाटणारा: बाहेरची थंड हवाच आत घ्यावयाची. 5 अंशांवरील हवा कितीही दमट असली तरी तिच्यात घनमीटरमागे सातेक ग्रॅमहून अधिक बाष्प मावतच नाही. तीच 20 अंशांपर्यंत तापविली की तिची सापेक्ष आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या घरात येते आणि ती तहानलेली हवा केबिनीतील ओलावा पिऊन बाहेर घेऊन जाते. तात्पर्य, नौकेतील हीटरची परीक्षा तो किती ऊब देतो यापेक्षा तो हवा कशी खेळवितो यावर करावी.

ही कसोटी लावली म्हणजे बाजारातील कित्येक साधने आपोआप गळतात. उघड्या ज्योतीची, धुराड्यावाचूनची गॅसची शेगडी स्वस्त आणि सुटसुटीत खरी, परंतु एक किलो प्रोपेन जळाला की सुमारे 1.6 किलो पाण्याची वाफ निर्माण होते, आणि ती सारी केबिनीतच राहते. म्हणजे ज्या रोगावर औषध घ्यावयाचे तोच वाढविण्याचा हा मार्ग, शिवाय प्राणवायू कमी होण्याचे भय वेगळे. धक्क्याला बांधलेल्या नावेत विजेचा हीटर लावून ठेवण्याची चाल फार आहे. पण अमेरिकेतील 120 व्होल्टच्या विजेवर 1500 वॅटचा एक हीटर 12.5 अँपिअर प्रवाह ओढतो, असे दोन लावले की 30 अँपिअरच्या केबलची शिकस्त होते, आणि खाऱ्या हवेने गंजलेला प्लग तापत तापत एके रात्री पेट घेतो. समुद्राच्या पाण्यातून उष्णता उपसणारी वातानुकूलन यंत्रे धक्क्यावर उत्तम काम देतात, पण पाणी पाच अंशांच्या आसपास उतरले की त्यांचा जोर ओसरतो आणि नांगरावर असताना जनित्रावाचून त्यांचे पानही हलत नाही.

एक जुनी जात मात्र आदराने उल्लेखिण्यासारखी आहे. व्हँकूव्हरच्या डिकिन्सन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डिझेल शेगड्या या किनाऱ्यावरच्या मासेमारी नौकांत पिढ्यानपिढ्या जळत आल्या आहेत. उंचावरील टाकीतून गुरुत्वाकर्षणाने उतरणारे डिझेल एका झडपेतून थेंबाथेंबाने भांड्यात पडते आणि तेथे संथपणे जळते. वीज नाही, आवाज नाही, वर चहाचे आधण ठेवावे, शेजारी मोजे वाळत घालावेत. मासेमारीच्या संथ नावेला आणि शिडाच्या नौकेला ती शोभते. वेगाने धावणाऱ्या यांत्रिक नौकेत मात्र छपरावरील धुराड्याभोवती वाऱ्याचे भोवरे फिरतात, ओढ उलटते आणि काजळी केबिनीत उतरते. बाल्टिक समुद्राच्या काठी, तुर्कू शहराजवळच्या कारिना गावच्या वालास कंपनीने डिझेलवरच चालणाऱ्या, पण धूर पंख्याने बाहेर लोटणाऱ्या शांत शेगड्या काढून या अडचणीवर एक सुबक तोड काढली आहे, आणि लहान नावांसाठी या लेखकास ती मनापासून आवडते. तरीही सध्या बहुसंख्य यांत्रिक नौकांत जे यंत्र आढळते ते उष्ण हवा फुंकणारा डिझेल हीटर हेच होय.

या यंत्राची वंशावळ पाहू गेल्यास एक गमतीचा योग दिसतो. जर्मनीत नेकार नदीच्या काठी एसलिंगेन नावाचे एक गाव आहे. तेथे 1865 साली याकोब एबरश्पेशर याने पत्र्याच्या कामाची एक कार्यशाळा घातली, आणि त्याच गावी 1901 साली विल्हेल्म बायर याने तारा व लोखंडी सामानाचा कारखाना काढला, जो पुढे 1908 मध्ये म्युनिकजवळच्या श्टॉकडोर्फ येथे गेला आणि वेबास्टो या नावाने प्रसिद्धीस आला. आज जगभर ज्या दोन नावांची या धंद्यात स्पर्धा चालते त्या दोहोंचे मूळ असे एकाच गावचे. त्यांचे हे हीटर मुख्यतः मालट्रकांसाठी बनले, गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून आतच निजणाऱ्या चालकाला इंजिन न चालविता ऊब मिळावी म्हणून. नौकेत ते मागाहून आले, आणि ते ट्रकातून आले आहेत ही गोष्ट बसविणाऱ्याने क्षणभरही विसरता कामा नये.

चार किलोवॅटचे असे यंत्र वजनाने अवघे साडेचार किलो, लांबीने हातभराहून कमी. त्याच्या पोटात दोन वायुमार्ग परस्परांपासून पूर्णतः अलग राखलेले असतात. एका मार्गाने बाहेरची हवा ज्वलनकक्षात शिरते, तापलेल्या विजेच्या कांडीवर डिझेलची वाफ पेट घेते, आणि धूर दुसऱ्या टोकाने नौकेबाहेर जातो. दुसऱ्या मार्गाने केबिनीत जावयाची हवा पंख्याच्या जोराने त्या तप्त धातुकक्षाच्या पंखांवरून वाहत जाऊन तापते. या दोन हवांची गाठ कधीही पडावयाची नाही, हाच या यंत्राचा मूलमंत्र. डिझेल पुरविणारा छोटा पंप प्रत्येक ठोक्याला ठरावीक थेंबच पुढे ढकलतो. ज्योत वाढवावयाची म्हणजे ठोके जलद करावयाचे, मंद करावयाची म्हणजे सावकाश. रात्रीच्या निःशब्द खाडीत पंपाची ही टकटक निजणाऱ्याच्या उशाशी ऐकू येते, आणि म्हणून चतुर कारागीर तो पंप रबराच्या आधारावर, पलंगापासून दूर बसवितो.

किती शक्तीचे यंत्र घ्यावे याविषयी तेथे एक ढोबळ हिशेब रूढ आहे: केबिनीचे घनफळ घनफुटांत काढून त्यास पंधराने गुणावे, म्हणजे ताशी किती ब्रिटिश उष्णता-एकके हवीत ते कळते, आणि 3412 एकके म्हणजे एक किलोवॅट. आपल्या नऊ मीटरच्या नौकेची केबिन 25 घनमीटर, म्हणजे पावणेनऊशेहून थोडे अधिक घनफूट धरली, तर उत्तर चार किलोवॅटच्या जवळ येते. येथे पुष्कळांना मोह होतो की, घ्यावयाचे तर थोडे मोठेच घ्यावे. तो मोह टाळावा. मोठे यंत्र लहान केबिनीत सदैव मंद ज्योतीवर चालते, मंद ज्योतीत डिझेल अर्धवट जळते, अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी कक्षात साचते, आणि दोन हिवाळ्यांत यंत्र पेटेनासे होते. पूर्ण शक्तीवर कष्ट करणारे लहान यंत्र दीर्घायुषी ठरते.

आता प्रत्यक्ष बसविण्याविषयी. सिएटलच्या परिसरात स्थायिक झालेल्या, आमच्या परिचयातील एका मराठी अभियंत्याने उत्साहाच्या भरात प्रथम यंत्र विकत घेतले आणि मग नौकेत त्यासाठी जागा शोधण्यास प्रारंभ केला. तेथील एका वृद्ध कारागिराला सल्ल्यासाठी बोलाविले, तेव्हा त्याने यंत्राच्या पेटीकडे ढुंकूनही न पाहता, धूर कोठून बाहेर जाणार एवढेच विचारले. या एका प्रश्नात सारी विद्या आली. यंत्र चार स्क्रूंवर बसते. पण त्याला ज्वलनाची हवा, धूर, इंधन, वीज आणि केबिनीची हवा असे पाच मार्ग जोडावे लागतात, आणि या पाचांत धुराचा मार्ग इतका अधिकारी आहे की बाकीच्यांनी त्याच्या सोयीने आपापली जागा घ्यावी.

धुराची नळी आतून 24 मिलिमीटरची, पोलादाची, आणि तिचे तापमान कित्येकशे अंशांपर्यंत चढणारे; तिच्यावर काचतंतूंचे वेष्टण चढवावयाचे आणि लाकूड, फायबरग्लास, रबरी नळ्या यांपासून तिला अंतरावर ठेवावयाचे. ती शक्य तो अखंड, एकही जोड नसलेली असावी, आणि जोड द्यावाच लागला तर तो बंद कपाटाआड न लपविता डोळ्यांसमोर ठेवावा. बाहेर पडण्याचे भोक नौकेच्या बाजूला, नाव भरलेली असताना आणि लाटांवर कलंडली असतानाही पाण्याच्या वर राहील इतके उंच हवे. तरीही लाट आत घुसणारच हे गृहीत धरून नळी आतल्या बाजूस प्रथम वर चढवून, कमानीसारखी वळवून मग खाली बाहेर न्यावयाची, आणि तिच्या सर्वांत सखल जागी साचणारे पाणी काढण्यास छोटी तोटी ठेवावयाची. नौकेच्या पाठीमागे धूर सोडणे सोयीचे दिसते, पण धावणाऱ्या केबिनीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि तोच धूर मागच्या दारातून उलट आत ओढला जातो. खिडकीखाली नको, इंधन भरण्याच्या तोंडाजवळ नको, पोहणारी मुले जेथे शिडीला लोंबकळतात तेथे तर मुळीच नको. ट्रकासाठी बनविलेले धुराचे आवाजशामक डबे वायुरोधी नसतात. उघड्या रस्त्यावर त्यांतून थोडा वायू गळला तरी बिघडत नाही, नौकेच्या पोटात मात्र तो कोंडतो. म्हणून नौकेसाठी संपूर्ण वेल्डिंग केलेलाच डबा घ्यावा, मग तो दुप्पट महाग असला तरी.

ही कडक शिस्त कशासाठी, याचा खुलासा कार्बन मोनॉक्साइड या एका नावात आहे. या वायूला रंग नाही, गंध नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याची सलगी प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक. डोके जड होणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची प्राथमिक लक्षणे. आणि जमिनीवर जी लक्षणे माणसाला सावध करतील तीच नौकेत समुद्र लागल्याची समजून तो केबिनीत जाऊन आडवा होतो, म्हणजे वायू जेथे दाट आहे तेथेच जातो. 2000 सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील पॉवेल सरोवरावर एका निवासनौकेच्या जनित्राचा धूर मागील पोहण्याच्या फळीखालच्या पोकळीत साचला आणि आठ व अकरा वर्षांच्या दोन सख्ख्या भावांचा त्यात मृत्यू झाला. पुढे तेथे झालेल्या सरकारी तपासणीने अशा कित्येक मृत्यूंचा उलगडा केला. तेथे दोषी हीटर नव्हता, जनित्र होते. पण चूक जातीने हीच, धूर कोठे सोडला याची. इंग्लंडच्या अंतर्गत जलमार्गांवर 1 एप्रिल 2019 पासून निवासाची सोय असलेल्या खासगी नौकांनाही या वायूचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे झाले आहे, आणि हा हुकूम सर्वत्र लागू व्हावा असे आम्हांस वाटते.

इंधनाच्या मार्गाचे दस्तूर कमी भयंकर पण अधिक नाजूक आहेत. इंजिनाच्या नळीला जोड मारून डिझेल घेण्याचा सोपा मार्ग टाळून टाकीत हीटरसाठी स्वतंत्र नळी उतरवावी, आणि तिचे टोक इंजिनाच्या नळीपेक्षा थोडे उंच ठेवावे; म्हणजे रात्रभर ऊब घेता घेता डिझेल संपत आले तर हीटर आधी विझतो आणि घरी परतण्यापुरता इंजिनाचा वाटा शिल्लक राहतो. पंप 15 ते 35 अंशांनी वर तोंड करून बसवावा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडून न राहता पुढे निघून जातात. नळी जेमतेम दोन मिलिमीटर पोकळीची. तिचे दोन तुकडे रबराच्या जोडात परस्परांना टेकले पाहिजेत, कारण मध्ये राहिलेल्या रेसभर पोकळीत बुडबुडा साठतो आणि मध्यरात्री ज्योत विझवितो. नौका पेट्रोलवर चालणारी असेल तर डिझेलसाठी छोटी स्वतंत्र टाकी घ्यावी, आणि पेट्रोलची वाफ जेथे साचू शकते अशा इंजिनाच्या खणात हीटर बसविण्याचा विचारही मनात आणू नये.

केबिनीची हवा इंजिनाच्या खणातून कधी घेऊ नये. काही बाहेरून, काही केबिनीतून अशी ती घ्यावी. तप्त हवेच्या 75 ते 90 मिलिमीटर व्यासाच्या नळ्या नेताना वळणे थोडी आणि रुंद ठेवावीत, थंड कपाटांतून जाणाऱ्या नळ्यांना वेष्टण द्यावे, आणि एक तरी झरोका असा ठेवावा की जो बंद करता येत नाही, नाहीतर कोणीतरी सारे झरोके मिटून निजेल आणि यंत्र गुदमरून बंद पडेल. पहिली फांदी चालकाच्या पुढील काचेकडे न्यावी, कारण दंवाने आंधळी झालेली काच हाच यांत्रिक नौकेचा हिवाळी शत्रू. दुसरी बैठकीत पायांशी. आणि तिसरी, जिच्याकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात, ओले रेनकोट टांगलेल्या शौचालयात. विजेविषयी एवढेच पुरे की, पेटताना कांडी आठ-दहा अँपिअर ओढते आणि बारीक तारेत व्होल्ट पडले की यंत्र पेटण्यास नकार देते. म्हणून तार जाड घ्यावी आणि बॅटरीपासून थेट, स्वतःच्या फ्यूजमधून आणावी. बंद करताना नियंत्रकावरच बंद करावे, मुख्य खटका ओढू नये. ज्योत विझल्यावर दोन-तीन मिनिटे पंखा फिरून कक्ष थंड होऊ द्यावा लागतो.

हे सारे काम दोन दिवसांत होते असे विक्रेते सांगतात. ज्याला नौकेच्या पिछाडीच्या खणात उताणे पडून, छातीवर बॅटरी आणि तोंडात टॉर्च अशा अवस्थेत नळी वळवावी लागली आहे त्याला विचारावे. अलीकडे अत्यंत स्वस्त चिनी यंत्रांचा सुळसुळाट झाला आहे आणि त्यांतील काही बरी चालतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्यांच्या पेटीत येणारी धुराची नळी, डबा आणि नौकेच्या बाजूचे जोड हे ट्रकाचे असतात, किंवा नसतातच. पैसा वाचवावयाचाच असेल तर यंत्रावर वाचवावा, धुराच्या मार्गावर एक डॉलरही वाचवू नये, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे.

नीट बसविलेला हीटर रात्रभरात दोन-तीन लिटर डिझेल घेतो, आणि सकाळी काचा कोरड्या देतो. त्याची निगराणी फार नाही. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे तो पूर्ण शक्तीवर चालवावा, म्हणजे काजळी जळून जाते आणि नळीतील डिझेल शिळे होत नाही. वर्षातून एकदा धुराचा प्रत्येक जोड हात लावून तपासावा. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र हीटरच्या आधी बसवावे, निजण्याच्या प्रत्येक जागी एक, आणि ज्यांच्या नौकेत ते अगोदरच आहे त्यांनी आजच ते भिंतीवरून काढून त्याच्या पाठीवर छापलेली मुदत वाचावी. ती उलटली असल्यास नवे आणावे.